न दुखणारा चट्टाही दाखवा

महोदय,

कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई दारात आल्या की आमच्या शहादा-तळोदा भागात अनेक जण अंगावरचा चट्टा लपवतात. दुखत नाही, खाजत नाही, मग दाखवायचा कशाला? पण बधिरपणा हेच तर मुख्य लक्षण आहे! हातापायांच्या नसांमधल्या तंतूंभोवती श्वान पेशींचं वेष्टण असतं. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव (कुत्र्याशी संबंध नाही, हे शाळेत आवर्जून सांगायला हवं). हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू याच पेशींत घर करतो. नस जाड होते, संवेदना जाते. मग कापूस वेचताना बोट चिरलं, भाकरी टाकताना हात भाजला तरी कळत नाही. बोटं वाकडी होतात ती नस निकामी झाल्यामुळे, कुणाच्या पापामुळे नव्हे. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. निकामी झालेली नस मात्र सहसा पूर्ववत होत नाही. आरोग्य विभागाने ही तपासणी मजूर शेतातून परतल्यावर, संध्याकाळी करावी, ही विनंती.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)