मामांना एवढं सांगा

कॉव्हेन्ट्री, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवरच सांगणार होतो. पण तुम्ही स्पीकर लावता, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि नेमके मामा येऊन म्हणतात, "काय सायकॉलॉजिस्ट, माझ्या मनात काय चाललंय सांग बघू!" की विषय हसण्यावारी गेला. म्हणून पत्र.

बाबा, तुम्ही मामांना सांगितलंत, शेजारच्या काकांना सांगितलंत, आणि आईने गिरणीत दळण टाकताना सांगितलं की पोरगा दोन वर्षांत मानसशास्त्रज्ञ होणार. तर तो होणार नाही. अभ्यास नीट चाललाय, काळजी करू नका. पण ही पदवी मिळाली म्हणजे कुणी मानसशास्त्रज्ञ होत नाही.

इथे याला कन्व्हर्जन कोर्स म्हणतात. आधीची पदवी दुसऱ्याच विषयाची असलेल्यांसाठी असतो. माझ्या वर्गात एक वकीलबाई आहेत, एक शाळामास्तर आहे, बँकेत वीस वर्षं काढलेले एक गृहस्थ आहेत आणि मी मेकॅनिकलवाला. पोरं बी.एस्सी.ला जे मुख्य विषय शिकतात ते आम्हाला एम.एस्सी.च्या पातळीवर, एका दमात: मेंदू, स्मरण आणि विचार, लहान मुलांची वाढ, माणूस चारचौघांत कसा वागतो, माणसामाणसांतले फरक, आणि या सगळ्याचा इतिहास. एकूण १८० क्रेडिट, त्यातले ६० प्रबंधाचे. पूर्ण वेळ केला तर वर्षभराचा कोर्स. मी नोकरी सांभाळून दोन वर्षांत करतोय. (आई, नोकरी सोडलेली नाही. घराच्या हप्त्यालाही हात लावलेला नाही. हे तिसऱ्यांदा सांगतोय.)

हे झालं की ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी, म्हणजे १९०१ पासूनची इथली संस्था, मान्य करते की या माणसाचा पाया पक्का आहे. त्याला जीबीसी म्हणतात. बाबा, कारखान्याचा गेटपास समजा. आत कुठल्या मशीनवर उभं करतील, करतील की नाही, ते पुढचं. पेशंट बघणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर त्यावर तीन वर्षांची डॉक्टरेट. ती करताना इथली सरकारी आरोग्यसेवा पगार देते, त्यामुळे रांग मोठी. त्याआधी लोक असिस्टंट म्हणून उमेदवारी करतात. आणि मग एचसीपीसी नावाच्या संस्थेत नोंदणी. तिच्याशिवाय 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं लावलं तर तो गुन्हा.

गंमत म्हणजे नुसत्या 'सायकॉलॉजिस्ट' या शब्दाला इथे कायद्याचं कुंपण नाही. म्हणजे मामा मला हाक मारतात त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तुम्ही मारू नका.

मिरजेला परत येऊन पाटी लावायचा तर प्रश्नच नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दिल्लीच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागतं, त्यासाठी त्यांनी मान्य केलेलं प्रशिक्षण वेगळं असतं. माझ्या या कागदावर ते मिळणार नाही.

आता बाबा, तुमचा मूळ आक्षेप. "जे मोजता येत नाही ते कसलं शास्त्र?" तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी गप्प बसलो, कारण उत्तर येत नव्हतं. आता थोडं येतं.

निम्मा जीव तर मोजण्यातच जातो. पहिल्या सत्रात विश्वासार्हता आणि वैधता हे दोन शब्द आले. सगळा वर्ग चाचपडत होता, मला तुमचा मायक्रोमीटर दिसला. झीरो एरर असलेला, म्हणजे शून्यावरच चुकणारा, मायक्रोमीटर दहा वेळा लावा, दहाही वेळा तेच माप देईल, आणि दहाही वेळा चुकीचं. विश्वासार्ह आहे, वैध नाही. मी हे वर्गात सांगितलं तर बाईंनी फळ्यावर मायक्रोमीटर काढायला लावला. नैराश्याची प्रश्नावलीही अशीच तपासावी लागते: तोच माणूस पुन्हा भरेल तेव्हा साधारण तेच येतं का, आणि येतं ते नैराश्यच का, की नुसता थकवा?

आणि टी-टेस्ट! दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की नुसता योगायोग, ते बघायची पद्धत. रोज वापरतो. ती काढली विल्यम गॉसेट नावाच्या माणसाने, जो डब्लिनला गिनेसच्या कारखान्यात कामाला होता. बिअरचा कारखाना, बाबा. नमुने थोडे, त्यावरून मालाबद्दल निष्कर्ष काढायचा, हा तुमचाच धंदा. १९०८ साली त्याने तो लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. आई, बिअर वाचून दचकू नकोस.

तुम्हाला सगळ्यात आवडेल ते हे. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्यांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेले होते, पुन्हा केल्यावर उतरले ३६ टक्के. तुम्ही अख्खा लॉट परत पाठवला असता. पण हा लॉट त्यांनीच तपासला, आकडा त्यांनीच छापला आणि आता तो आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. ते वाचून माझा या विषयावरचा विश्वास वाढला. मेघना म्हणते, हे फक्त क्वालिटीवाल्यालाच होऊ शकतं.

मग हे कशासाठी, असं आई विचारणारच. आमच्या प्लँटमध्ये मला मेंटल हेल्थ फर्स्ट एडर केलं, दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन. काम एवढंच की कुणी खचलेला दिसला तर बसून ऐकायचं आणि योग्य ठिकाणी पाठवायचं. माणसं येऊ लागली. नाइटला असलेला एक फोर्कलिफ्टवाला चहाच्या सुट्टीत येऊन वीस मिनिटं नुसता बसून जायचा. ऐकत होतो, पण पुढे काय, ते कळत नव्हतं. दोन दिवसांचं ज्ञान दोन महिन्यांत संपलं.

आणि दुसरं कारण. बाबा, रिटायर झाल्यावर ते सहा महिने तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून बसायचात, पेपर हातात, पान तेच. आम्ही सगळे म्हणालो, स्वभाव आहे. मी फोनवर "फिरायला जात जा" एवढं सांगून मोकळा झालो. त्याबद्दल तुम्हाला काही विचारत नाही. मला तेव्हा काय कळलं नाही, तेवढंच सांगतोय.

प्रबंधासाठी फिरत्या पाळ्या आणि झोप हा विषय मनात आहे. तुमचं त्यात काही घालणार नाही. त्याला आधी एथिक्स समितीची परवानगी लागते, आणि बापाचीच मुलाखत घेतली तर ती समिती मला बाहेर काढेल. पण मला स्वतःला हवंय. थर्ड शिफ्टचा आठवडा जड जायचा, की त्यानंतर फर्स्टला आल्यावरचा? आई, तुला नक्की आठवत असेल, तू लिही. तू खिडकीला चादर लावायचीस आणि आम्हाला अंगणात हाकलायचीस, "बाबा झोपलेत" म्हणून. ती चादर निळी होती ना? मेघना म्हणते, आठवणीवर एवढी भिस्त ठेवू नकोस, तुझ्याच पुस्तकात लिहिलंय.

रंग तेवढा नक्की कळव.

तुमचा,
बंड्या