लाइनीविषयी, उशिराने

हाँगकाँग, रविवार

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. येथे सर्व खुशाल. गुडघा दुखतो, पण तो आता घरचाच झाला आहे. तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिले नाही, याचे कारण आळस नव्हे. आपले जुने पोलीस ठाणे आणि पोलीस लाइन राखायची की पाडायची हे ठरवणाऱ्या समितीवर नेमणूक होताच तू माझे मत विचारलेस, आणि मी फोनवर फारसा विचार न करता "दर्शनी भाग ठेवा, बाकी पाडा" असे बोलून बसलो. ते मला खात होते.

काल येथील ताय क्वुनला गेलो. जुन्या सेंट्रल पोलीस ठाण्याला लोक याच नावाने ओळखत आले. अर्थ 'मोठे ठाणे'. पोलिसांची बराक 1864 ची, मुख्यालय 1919 चे, मागे तुरुंग. तो 2006 मध्ये बंद झाल्यावर सरकारने जॉकी क्लबला सोबत घेऊन 16 जुन्या इमारती राखल्या आणि हर्झोग व द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांकडून ॲल्युमिनियमच्या विटांनी मढवलेल्या दोन नव्या वास्तू त्यांच्यामध्ये बसवून घेतल्या. खर्च 3.8 अब्ज हाँगकाँग डॉलर. तुमच्या समितीचे चहापाणी तरी वेळेवर मिळते ना?

परंतु मला बोचले ते निराळेच. काम चालू असताना, 29 मे 2016 रोजी, विवाहित निरीक्षकांच्या निवासस्थानांच्या इमारतीचा एक भाग कोसळला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. बरोबर 2 वर्षांनी आवार लोकांना खुले झाले. बराक टिकली, कोठड्या टिकल्या, ढासळला तो नेमका संसारांचा भाग, हे वाचताना मला आपली लाइन दिसली: एका नळावर अकरा घागरी, नाना रात्रपाळीहून येईपर्यंत जिन्यात बसलेली तुझी आई. तुमच्या आराखड्यात तेथेच वाहनतळ आहे ना?

बरे, राखूनही काय होते, हा प्रश्न सुटत नाही. ज्या तुरुंगात 1931 साली व्हिएतनामी क्रांतिकारक हो ची मिन्ह यांना डांबले होते, त्याच्याच कोठड्यांच्या एका रांगेत मद्यालय थाटले गेले. मी तेथे बसलो, आणि वर्गणीच्या मारामारीनंतर नानांनी आपल्या दोघांना कोठडीत बसवले होते ती दुपार आठवून घशाखाली घोट उतरेना. (माझे नाव तूच सांगितलेस. नाही म्हणू नकोस.) तरीही मद्यालय मी सोसेन, कारण भिंत उभी असली तर ती कशाची होती हे कोणी तरी विचारतो, वाहनतळाला तसे कोण विचारणार आहे?

तेव्हा माझे पहिले मत मी मागे घेतो. सभेत हे माझ्या नावाने वाच. या वेळी नाव सांगितलेस तरी चालेल.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिन्मयीच्या लग्नाची तारीख कळव, रजा टाकतो. आणि सभेपूर्वी लाइनीच्या जिन्याचे छायाचित्र काढून पाठव, तिसऱ्या पायरीचे विशेषतः.

तुझा,
सुधाकर