झाकण ठेव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, पुदिन्याचा चहा केला, घरभर वास सुटला, पण पिताना नुसतं गरम पाणी." अगं, घरभर सुटला तोच तर चहा होता! पुदिन्याचा गारवा मेंथॉलचा, गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रलचा. ही तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून पुदिना उकळायचा नाही. पाण्याला उकळी आली की गॅस बंद कर, दहा-बारा पानं हाताने जरा चुरडून टाक आणि लगेच झाकण ठेव. पाच-सात मिनिटं उघडून बघू नकोस. मग झाकणाच्या आत जमलेले थेंब कपातच झटक, त्यातही वास असतो. तुळशीचंही असंच.

गवती चहाची पात चिवट. ती कात्रीने बारीक काप (कडा धारदार असतात, बोट सांभाळ) आणि चार-पाच मिनिटं मंद आचेवर उकळू दे. झाकण तिथेही हवंच.

पानं वाळवून ठेवायची असतील तर सकाळी दव सुकल्यावर तोड, झाडाला फुलं यायच्या आधी. सावलीत, वारं लागेल अशा जागी, कापडावर एकाच थरात पसर. कडक उन्हात रंगही जातो, वासही. मी एकदा घाई केली होती. पानं बोटांना कोरडी लागली म्हणून बरणी भरून टाकली. आठवड्याने झाकण उघडलं तर कोंदट वास, आणि देठाच्या बेचक्यात पांढरी बुरशी. पानं वाळली होती, देठ ओले होते. वरची चांगली पानं निवडून घ्यावीत असं फार वाटलं, पण बुरशी दिसते तेवढीच नसते. सगळी बरणी टाकली. आता मी देठ मोडून बघतो. कट्कन तुटला तर वाळला, नुसता वाकला तर अजून दोन दिवस. बरणी काचेची, कोरडी, अंधाऱ्या कपाटात ठेव. पानं अख्खीच भर, चुरा आयत्या वेळी कर. कपाला एक चमचा पुरे. वाळल्यावर ताज्याच्या तिसरा हिस्साच लागतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. फिरताना दिसलेलं, नीट न ओळखलेलं पान कधीही कपात टाकू नकोस. फॉक्सग्लोव्ह या विषारी फुलझाडाची पानं कॉम्फ्रे नावाच्या दुसऱ्याच वनस्पतीची समजून त्यांचा चहा प्यायलेल्या माणसांना विषबाधा झाली आहे. ते विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं आणि उकळल्याने जात नाही. रोजच्या गोळ्या चालू असतील तर नवी वनस्पती घेण्याआधी डॉक्टरांना विचार. सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती गर्भनिरोधक आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर कमी करते.

कुंडीतल्या पुदिन्याचे शेंडे खुडत जा, बाजूने नवे फुटवे येतील. या खेपेला केलास की फोन कर. वास घरात होता की कपात, ते सांग.

तुझे,
बाबा