पाण्यावाटे होणाऱ्या आजारांत जिआर्डियाचेही नाव हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दूषित पाण्याच्या बातम्यांत पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांचा उल्लेख हमखास असतो. जिआर्डिया या एकपेशीय परजीवीचे नाव मात्र क्वचितच वाचायला मिळते. डच सूक्ष्मजीव-निरीक्षक लेव्हेनहूक यांनी १६८१ साली स्वतःच्याच मलात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला हा जीव आजही सामान्य वाचकाला अनोळखी असावा, याचे मला फार वाईट वाटते.

लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात आणि तोवर कुठले पाणी प्यायलो होतो हेही आठवत नाही. ताप बहुधा नसतो, रक्त पडत नाही. पोट फुगते, शौचाला तेलकट व अतिशय दुर्गंधीयुक्त होते आणि वजन हळूहळू उतरत जाते. माझ्या भाचीचे असे दीड महिना चालले होते. एका तपासणीत काही आढळले नाही, तेव्हा आम्ही सर्वांनी तिच्या खाण्यालाच दोष दिला, आणि ते अजूनही मनाला लागून आहे. या परजीवीचे कोष, म्हणजे आवरणात बंद असलेले त्याचे सुप्त रूप, मलातून रोज पडतातच असे नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासावे लागतात. तिच्या तिसऱ्या नमुन्यात ते सापडले. औषधाने ती बरी झाली, तरी पुढे काही आठवडे तिला दूध पचत नव्हते. आतड्याच्या अस्तराला इजा झाल्यामुळे असे होऊ शकते, हे ठाऊक नसल्याने आजार उलटला या भीतीने आम्ही पुन्हा धावपळ केली.

पाणी नितळ आहे आणि त्याला क्लोरीनचा वास येतो, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. जाड आवरणामुळे हे कोष थंड पाण्यात अनेक आठवडे टिकतात, जीवाणूंना पुरेशी पडणारी क्लोरीनची मात्रा त्यांना पुरत नाही, आणि संसर्गाला अवघे दहा कोषही पुरतात. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळणे, हा घरच्या घरी करता येणारा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. गाळणी वापरायची असेल, तर तिची छिद्रे एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान हवीत.

आपल्या आरोग्यविषयक सूचनांत पाणी उकळण्याच्या सल्ल्याबरोबरच, आठवडाभराहून अधिक लांबलेल्या अतिसारात तीन दिवसांचे नमुने तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे, हे एक वाक्यही छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक