खूण न जुळवता चेन चढवली तर गाडी चालेल कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सुटे पार्ट जोडून गाडी बांधायच्या 'माय समर कार' या कॉम्प्युटर गेमवरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. 'माउस दाबत राहा, गाडी आपोआप तयार' असं त्यात छापलंय. लिहिणाऱ्याने त्यातला एकही नट आवळलेला नाही, हे स्पष्ट दिसतं.

त्यातली सत्सुमा ही जुन्या डॅटसन १००ए वरून बेतलेली गाडी. इंजिन पूर्ण सुटं. ब्लॉकमध्ये क्रँक, मेन बेअरिंग, चार पिस्टन, मग हेड गॅस्केट, हेड, रॉकर शाफ्ट. पाने ५ ते १५ मि.मी.चे, १० च्या बोल्टला ९ चा पाना चालत नाही. अन् कुठला बोल्ट ढिला राहिला हे गेम सांगत नाही. इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा राहिला तर ऑइल गळून जातं, ते इंजिन जाम झाल्यावरच कळतं.

सगळ्यात जास्त घोळ टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ बसवताना होतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या गिअरची खूण जुळवूनच चेन चढवायची. नाही जुळवली तर क्रँक पुली काढा, कव्हर काढा, परत पहिल्यापासून. त्यानंतर व्हॉल्व्हची फट बसवणारे टॅपेटचे आठ स्क्रू, डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्कची वेळ, कार्बोरेटरचं मिक्श्चर. फॅन बेल्ट झिजून तुटला की वॉटर पंप थांबतो, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेला बोनट उघडून उभ्या गाड्यांचं कारण बऱ्याचदा इंजिन तापणं हेच असतं. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांना या गेममध्ये ही कारणांची साखळी हाताने करून बघायला मिळते, आणि आता कार्बोरेटरची गाडी गॅरेजात येते तरी कुठे?

'खेडं नुसतं देखाव्याला' हेही चूक. काळ १९९५ चा उन्हाळा, गाव फिनलंडमधलं. भूक, तहान, झोप, लघवी, अंगाची घाण, ताण, सगळं सांभाळावं लागतं. ताण सौनात, म्हणजे तिकडच्या गरम वाफेच्या खोलीत बसून उतरवायचा. पार्टसाठी पैसे हवेत म्हणून लाकडं फोडून पोचवायची, मैल्याच्या टाक्या उपसायच्या, स्ट्रॉबेरी तोडायची. कायमच्या मरणाचा पर्याय चालू ठेवला असेल तर एका धडकेत सगळी मेहनत जाते.

आणखी एक. गेम 'अजून अपूर्ण' असल्याचं लिहिलंय. अपूर्ण अवस्थेत तो २०१६ साली विक्रीला आला हे खरं, पण जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण आवृत्ती निघाली. शिवाय लेखासोबतचा फोटो भलत्याच रेसिंग गेमचा आहे. येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, अंबाजोगाई