शेल वायू आणि पाण्याचा हिशेब

महोदय,

शेल वायूची, म्हणजे शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूची, चर्चा आपल्याकडे बहुधा साठ्यांच्या आकड्यांपाशीच थांबते. तो खडकातून बाहेर कसा काढतात, याविषयी फारसे लिहिले जात नाही. शेलमध्ये वायूला वाहण्यास वाट नसते. म्हणून विहीर आधी उभी, मग आडवी खोदतात, प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात आणि त्या मिटू नयेत यासाठी पाण्याबरोबर वाळू पाठवतात. साडेतीन हजार मीटरच्या खाली मात्र खडकाचा दाब इतका वाढतो की साधी वाळू चिरडली जाते, तिच्याऐवजी महागडे सिरॅमिकचे कण वापरावे लागतात, आणि तेथील उष्णतेत पाण्यातली रसायनेही निकामी होऊ शकतात. चीनच्या सिच्वान खोऱ्यात अशा कामामुळे भूकंपाचे धक्के नोंदले गेले. इंग्लंडने तर धक्क्यांनंतर २०१९ मध्ये हे तंत्र थांबवले.

नाशिक शेलवर नव्हे, तर बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या खडकावर, वसले आहे, त्यामुळे हा प्रश्न परका वाटेल. परंतु आपल्या देशात शेल वायूसाठी ज्या खोऱ्यांचा विचार झाला, त्यांत आंध्रच्या किनाऱ्याकडचे कृष्णा-गोदावरी खोरेही आहे, आणि एका विहिरीस एक-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते. गंगापूर आणि जायकवाडी या धरणांमधील पाणीवाटपाचा वाद वर्षानुवर्षे पाहणाऱ्या नाशिककरांना या आकड्याचे गांभीर्य सांगावे लागू नये. म्हणून विहिरीला परवानगी देण्यापूर्वीच पाणी कोठून घेणार आणि परत वर येणारे क्षारयुक्त पाणी कोठे सोडणार, हे केंद्र सरकारने जाहीर करावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

— एक वाचक, नाशिक