नाल काढण्याच्या संचातील चुकीच्या सूचनापत्रकाबद्दल तक्रार

दि. १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : संचातील सूचनापत्रकाप्रमाणे नाल काढल्याने घोडीच्या खुराला झालेली इजा.

महोदय,

मे महिन्यात मी तुमचा नाल काढण्याचा संच २,४५० रुपयांना ऑनलाइन मागवला. पावती सोबत जोडली आहे. आमच्या निपाणी भागात बैलांना नाल मारणारे अजून भेटतात, पण बैलाची नाल दोन पत्र्यांची, बैल आडवा पाडून मारायची. घोड्याच्या पायाला ते हात लावत नाहीत. आमचा नालबंद कोल्हापूरहून येतो, दीड महिन्यातून एकदा. मधेच नाल सुटली तर जनावराचे हाल नकोत म्हणून मी संच घेतला.

३ ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी मळ्यातून परतताना ती वेळ आली. पावसाने आमची काळी माती अशी चिकट होते की पाय उचलताना ती नालेला खाली ओढते. घोडीचा मागचा पाय पुढच्या डाव्या नालेवर पडला आणि नाल फिरली. बाहेरची बाजू खुराबाहेर आली, दोन खिळे निघाले आणि एका खिळ्याचं टोक तळव्याला टेकलं. ती पाय टेकवेना. नालबंदाला फोन केला तर तो बुधवारशिवाय येऊ शकत नव्हता.

तुमचं पत्रक फक्त इंग्रजी आणि हिंदीत. मुलाने बॅटरी धरून वाचून दाखवलं : ‘नाल पुढच्या टोकाला पकडून बाहेरच्या बाजूला जोरात ओढा.’ मी तसंच केलं. खुराबाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं आधी मोकळी करायची असतात, याचा त्यात एक शब्द नाही. खिळे खुराची कड फाडत बाहेर आले. दोन बोटं रुंदीचा तुकडा माझ्या हातात आला. घोडीने पाय झटकला आणि थरथरत उभी राहिली, ते डोळ्यांपुढून जात नाही.

मग बेळगावला पूर्वी टांगा चालवणाऱ्या एका काकांना फोन लावला. ते म्हणाले, “अरे, आधी टोकं कानशीनं घासून काढायची की! मग टाचेकडनं पक्कड घालायची, एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, थोडं थोडं पुढं आणि आत दाबत न्यायचं. बाहेर पिळलंस की कड गेलीच.” एवढं तुमच्या पत्रकात असतं तर पुरे होतं. काकांनी काढलेले खिळे मोजायलाही सांगितलं, एखादा खुरात किंवा चिखलात राहिला तर पुन्हा पायात शिरतो. खिळा तळव्यात खोल गेला असेल तर शक्यतो तो न उपसता डॉक्टरला बोलवायचं, हेही. नाल निघाल्यावर खुराला कापसाची गादी, वर गोणपाट आणि चिकटपट्टी बांधून घोडी कोरड्या पेंढ्यावर उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात धनुर्वाताची सुई दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

याहून धोक्याची सूचना पुढे आहे : ‘सैल नाल त्याच भोकांतून खिळे ठोकून पुन्हा बसवा.’ नालेच्या खिळ्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं. ती बाजू आत ठेवली तरच खिळा बाहेर वळून कडेतून निघतो. उलटा ठोकला तर थेट जिवंत भागात जातो. तुम्ही दहा खिळे दिलेत, पण कुठली बाजू आत ठेवायची ते सांगितलं नाही. हे काम नालबंदाचं आहे, घरच्या माणसाने नाल फक्त सोडवावी.

पकडीचीही तक्रार आहे. तिचे ओठ इतके जाड की नाल आणि खूर यांच्यामध्ये जातच नाहीत.

नालबंद बुधवारी आला. फाटलेल्या कडेत खिळा धरणार नाही, म्हणून नाल मारायला नकार दिला. खूर महिन्याला एक सेंटिमीटरसुद्धा वाढत नाही, त्यामुळे घोडी कित्येक महिने कामाविना उभी राहणार. लग्नसराईतल्या वरातींवर आणि एरवी गाडीवर आमचं घर चालतं.

माझ्या मागण्या : संचाची पूर्ण रक्कम आणि औषधोपचाराचा खर्च द्यावा. ही दोन्ही वाक्यं असलेलं पत्रक ताबडतोब मागे घ्यावं आणि ज्यांनी संच घेतला त्या सर्वांना कळवावं. नवं पत्रक जाणत्या नालबंदाला दाखवून चित्रांसह छापावं, आणि इकडे विकताना मराठी व कन्नड दोन्हींत द्यावं. या पट्ट्यात घोडी पाळणारे दोन्ही भाषांचे आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार, वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न दिल्याने इजा झाली तर उत्पादक जबाबदार ठरतो. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. खुराचे फोटो आणि तो तुटलेला तुकडा मी जपून ठेवला आहे.

आपला,
निपाणी तालुक्यातील एक ग्राहक

सोबत : पावती, सूचनापत्रकाची प्रत, खुराचे चार फोटो, दवाखान्याची चिठ्ठी